नाकातले केस: ट्रिमर ओढतो, चार दिवसांनी टोचतं, मग पुळी येते. दर वेळी हेच का होतं?

तक्रार बहुधा एकाच साच्यातली असते. ट्रिमर नाकात घातला की केस कापला जाण्याऐवजी ओढला जातो. दोन दिवस बरं वाटतं. चौथ्या-पाचव्या दिवशी आत टोचायला लागतं, बोट नकळत नाकात जातं आणि आठवडा संपायच्या आत पुळी येते. ती बसेपर्यंत केस पुन्हा बाहेर डोकावायला लागलेले असतात. मग इंदूरच्या जेल रोडच्या बाजारातून नवा ट्रिमर येतो आणि तेच चक्र पुन्हा सुरू होतं. ट्रिमर बदलून फारसं काही साधत नाही, कारण चूक यंत्रात कमी आणि ‘किती कापायचं’ या समजुतीत जास्त असते.

काम मुळात एवढंसंच आहे. मान सरळ ठेवून आरशात पाहिल्यावर नाकपुडीबाहेर जो केस दिसतो, तो दिसू नये. बस. आतली भिंत दाढी केल्यासारखी गुळगुळीत करणं हे काम नव्हेच. नाकाच्या तोंडाशी पहिला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर भाग साध्या त्वचेचा असतो. जाड केस तिथेच उगवतात आणि धूळ, परागकण, किडे-चिलटं अडवतात. त्याच्या पलीकडे ओलं, नाजूक अस्तर सुरू होतं. तिथे पात्याचं काही काम नाही. २०११ साली तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी हंगामी ॲलर्जीची सर्दी असलेले २३३ रुग्ण तपासले, तेव्हा नाकात केस विरळ असणाऱ्यांमध्ये दम्याचं प्रमाण जास्त आढळलं होतं. केस कापल्याने दमा होतो असं त्यातून सिद्ध होत नाही, पण नाकातलं हे जंगल साफ करून टाकायची घाईही करू नये.

ट्रिमर कापत नाही, ओढतो

आधी ट्रिमरची मुंडी, म्हणजे पात्यांचा पुढचा भाग, उघडून पाहा. बहुतेक नळीवाल्या ट्रिमरांत ती पाव फेरा फिरवली की निघते. बाहेरची नळी साधारण ८ ते १० मिलिमीटर जाडीची, टोकाशी खाचा पाडलेली असते. हे स्थिर पातं. आत इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखं फिरतं पातं असतं. केस खाचेतून आत शिरतो आणि या दोन धारांमध्ये कात्रीत सापडल्यासारखा कापला जातो. दोन्ही धारा एकमेकींना घासून चालल्या तरच हे जमतं. मध्ये फट राहिली किंवा फिरण्याचा वेग पडला, की केस कापला न जाता पात्यात गुंडाळला जातो आणि मुळासकट ओढला जातो. डोळ्यांत टचकन पाणी येतं ते इथेच.

नळी पांढऱ्या कागदावर हलकेच आपटा. कोरडी केसांची भुकटी पडली तर ठीक. मात्र आतल्या कडेला राखाडी, मेणचट थर बसलेला दिसला तर दोष तिथेच आहे. केसांचे तुकडे, त्वचेचं तेल आणि वाळलेला शेंबूड यांचा तो लगदा असतो. दातकोरण्याने खरवडला की मलमासारखा निघतो. फिरतं पातं वर नीट टेकू न देणारा हाच. नुसती फुंकर मारून तो जात नाही आणि मोटार चालू ठेवून झटकल्यानेही जात नाही.

सफाई अशी करा. सेल काढा. मुंडी वेगळी करून जुन्या मऊ टूथब्रशने आत-बाहेर घासा. डब्यावर किंवा मुंडीवर नळाची खूण असेल तरच ती कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाच्या एका थेंबाने धुवा. खूण नसेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. धुतलेली मुंडी रात्रभर उघडी वाळू द्या. ओलीच लावली तर पाणी दांड्यावरून मोटारीत उतरतं आणि महिन्याभरात ट्रिमर घरघरायला लागतो. वाळल्यावर फिरत्या पात्याच्या धारेवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाका, ५-१० सेकंद चालवा आणि बाहेरची नळी कागदाने कोरडी पुसून घ्या. खोबरेल तेल वापरू नका. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं. इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीत बाथरूममध्ये ठेवलेल्या ट्रिमरच्या पात्यावर त्याचा लोण्यासारखा थर जमतो आणि मग पुन्हा तोच लगदा.

मुंडी परत बसवताना एक चूक नेहमी होते. मोटारीच्या दांड्याचं टोक चौकोनी किंवा चपटं असतं. ते फिरत्या पात्याच्या खाचेत बसलं नाही तर मोटार गुणगुणते, पण पातं जागच्या जागी थरथरतं. आवाज येतोय म्हणजे चालतोय असं धरून लोक तो तसाच नाकात घालतात. आधी उजेडात खाचांमधून आत पाहा, पातं फिरताना दिसलं पाहिजे. नंतर हाताच्या पाठीवरचा एखादा केस कापून पाहा. तिथे चटकन कापला गेला तरच नाकाकडे वळा.

मग सेल. घड्याळातला उतरलेला पेन्सिल सेल ट्रिमरमध्ये घालणं ही घरोघरची काटकसर आहे. घड्याळाला लागणारी वीज अगदी नगण्य असते, मोटारीला त्याच्या कितीतरी पट. घड्याळात वर्षभर टिकटिकणारा साधा झिंक-कार्बन सेल पात्यावर केसाचा भार आला की दबतो आणि वेग नेमका कापायच्या क्षणी पडतो. अल्कलाइन सेल घाला. चार्जिंगचे सेल दीडऐवजी १.२ व्होल्टचे असतात. चांगल्या ट्रिमरांत ते चालतात, स्वस्तातल्यांत वेग कमी पडतो. सेल उलटा बसवल्यावर काही साध्या ट्रिमरांत मोटार चक्क उलटी फिरते. आवाज तसाच येतो, पण पात्याची धार नसलेली बाजू पुढे राहते आणि केस नुसता ओढला जातो.

सेलच्या खोबणीत पांढरी खर दिसली तर ती सेल गळल्याची खूण आहे. अल्कलाइन सेलमधून गळतो तो क्षार, म्हणून व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचा थेंब लावलेल्या कापसाच्या काडीने पुसला की निघतो. मग कोरड्या काडीने पुन्हा पुसा. बोटांना लागू देऊ नका. महिनाभर वापरायचा नसेल तर सेल बाहेर काढूनच ठेवा. बाद सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचा नाही, घातक कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात द्यायचा, हे इंदूरकरांना सांगायला नको.

हे सगळं करूनही केस ओढला जात असेल तर पातं बोथट झालं आहे. त्याला धार लावता येत नाही. मुंडी वेगळी मिळत असेल तर ती घ्या, नाहीतर ट्रिमर बदला.

हात कसा चालवायचा

नाक आधी शिंकरून घ्या. मेकूड असेल तर ओल्या बोटाने किंवा ओल्या कापसाने मऊ करून काढा. ते पात्यात गेलं तर तिथेच अडकतं. अंघोळीनंतर केस मऊ असतात, पण ओले केस एकमेकांना चिकटतात, म्हणून नाकपुडी आतून टिपून कोरडी करा. उजेड समोरून हवा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली नाकपुडी अंधारीच राहते आणि अंधारात हात नको तितका आत जातो. खिडकीसमोर हातातला आरसा धरा, किंवा मोबाइलचा टॉर्च आरशाला टेकवून हनुवटीच्या उंचीवर ठेवा.

अंगठ्याने नाकाचा शेंडा हलकासा वर उचला. ट्रिमर नाकाबाहेर असतानाच सुरू करायचा आणि बाहेर काढल्यावरच बंद करायचा. सगळ्यात जास्त ओढाताण या एका नियमाकडे दुर्लक्ष केल्याने होते, कारण आत असताना मोटार थांबली की त्या क्षणी खाचेत असलेले केस तिथेच पकडले जातात. तसं झालंच तर ओढू नका. पुन्हा चालू करा. सेल पार संपला असेल तर सेल बदलून चालू करा किंवा अडकलेला केस बाहेरून कात्रीने कापा.

नळी अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा आत न्यायची नाही. हात थांबत नसेल तर नळीच्या टोकापासून ५ मिलिमीटरवर पांढऱ्या चिकटपट्टीची बारीक कड गुंडाळा, ती दिसेनाशी झाली की समजायचं जास्त आत गेलं. टोक बाहेरच्या भिंतीकडे, म्हणजे गालाच्या बाजूला ठेवा आणि सावकाश गोल फिरवा. मधल्या पडद्याला टेकवू नका. एका नाकपुडीला १०-१५ सेकंद पुरतात. त्या वेळात तोंडाने श्वास घ्या, नाहीतर भुकटी वर ओढली जाते.

कात्री वापरायची तर गोल टोकाचीच, ३-४ इंची. मोजून तीन-चार केसच डोकावत असतील तर कात्री ट्रिमरपेक्षा बरी, नेमका केस दिसतो. पाती स्पिरिटने पुसून घ्या. टोकदार कात्री, नेलकटरची कात्री किंवा चिमटा मुळीच नको. केस काढायचं क्रीमही नाही. ते केस विरघळवण्यासाठी बनवलेलं असतं, नाकाचं अस्तर त्याने भाजतं.

चार दिवसांत टोचायला लागतं

कापल्यामुळे केस जाड उगवत नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं, मऊ असतं. कापलेल्याचं चपटं. तो केस लांब असेल तर वाकतो, म्हणून जाणवत नाही. अगदी त्वचेलगत कापला तर उरलेला खुंट ताठ राहतो आणि नाकपुडी हलली की समोरच्या भिंतीला टोचतो. म्हणजे दोष केसाचा नाही, तो तितका आखूड कापण्याचा आहे.

उपाय साधाच आहे, २-३ मिलिमीटर केस राहू द्यायचा. आता टोचत असेल तर पुन्हा ट्रिमर फिरवू नका, त्याने खुंट आणखी आखूड होतात आणि चक्र लांबतं. आठवडाभर थांबा. खाज फारच असेल तर कापसाच्या काडीवर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात, तोही नाकाच्या तोंडाशीच. खोलवर तेल किंवा जेली रोज घालण्याची सवय लावू नका, तेलकट पदार्थ श्वासावाटे फुप्फुसात उतरून त्रास देऊ शकतो. केस पुन्हा बाहेर दिसेपर्यंत बहुतेकांना दोन-तीन आठवडे लागतात. वेळापत्रक ते ठरवील, रविवार नव्हे.

पुळी, केसतूड

इथे जरा थांबून वाचा, कारण एरवी हा सारा किरकोळ मामला असला तरी हा भाग तसा नाही.

सुमारे ३० टक्के लोकांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू एरवीही मुक्काम करून असतो आणि काही करत नाही. केस उपटला की मुळाची नळी उघडी पडते, त्याला दार मिळतं. तिथे आधी दुखरी लाली, मग पुळी, आणि मूळ खोलवर पिकलं की केसतूड. उपटणं म्हणजे फक्त चिमटा नव्हे. बोथट ट्रिमर, धाग्याने ओढणं आणि हल्ली निघालेलं नाकातलं वॅक्सिंग, सगळं उपटणंच. वॅक्स तर एका झटक्यात वीस-पंचवीस दारं उघडतं. दाढी-कटिंगच्या दुकानात खुर्चीवर मान मागे टाकली की विचारल्याशिवाय नाकात कात्री जाते, तीच कात्री जी आधीच्या गिऱ्हाईकाच्या नाकात गेलेली असते. ‘भिया, नाक रहने दो’ एवढं आधीच सांगून टाकावं.

पुळी आलीच तर फोडू नका, दाबू नका. नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणातल्या शिरा डोळ्यामागच्या शिरांमार्फत मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या आहेत. दाबलेल्या फोडातला संसर्ग त्या वाटेने वर जाणं आता दुर्मीळ आहे, पण घडलं तर जिवावरचं. दिवसातून तीन-चार वेळा कोमट पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं बाहेरून १० मिनिटं धरा. बोट आत घालू नका. लहान पुळी दोन-तीन दिवसांत उतरते. उतरली नाही तर डॉक्टर नाकात लावायचं जंतुनाशक मलम देतात. घरात पडलेली खाजेची मलमं मात्र लावू नका. त्यांतल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. लाली ओसरते, जंतू वाढत राहतो.

नाकाचा शेंडा लाल होऊन तणतणत असेल, सूज गालावर किंवा पापणीवर चढली, ताप आला, डोकं ठणकायला लागलं किंवा एकाचे दोन दिसायला लागले तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्रीच एमवाय (इंदूरचं सरकारी इस्पितळ) किंवा जवळचं इस्पितळ गाठायचं. मधुमेह असलेल्यांनी साध्या पुळीलाही डॉक्टरांना दाखवावं. त्यांच्या नाकात काळी खपली दिसली तर त्याच दिवशी.

पुळी वारंवार त्याच नाकपुडीत येत असेल तर मुंडी स्पिरिटने पुसता का, ट्रिमर घरात किती जण वापरतात आणि नाकात बोट घालायची सवय आहे का, हे तपासा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सहसा खरं दिलं जात नाही. ट्रिमर टूथब्रशसारखा ज्याचा त्याचा असावा.

रक्त येतं

मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं अगदी वरवर असतं. घोळणा फुटतो तो बहुतेक वेळा इथूनच. एप्रिल-मेच्या माळव्यातल्या कोरड्या झळांनी हा भाग आधीच तडकलेला, खपल्या धरलेला असतो. ट्रिमरची नळी पडद्याला टेकली की खपली निघते आणि रक्त.

ताठ बसा, मान पुढे झुकवा. मागे टाकू नका, रक्त घशात उतरून मळमळतं. नाकाचा मऊ भाग, वरचं हाड नव्हे, अंगठा आणि बोटात घट्ट धरून १० ते १५ मिनिटं तोंडाने श्वास घ्या. घड्याळ लावून. दर मिनिटाला सोडून पाहिलं तर धरलेली गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कांदा हुंगायला द्यायची पद्धत घरोघर आहे, पण रक्त थांबवतं ते बोटांचं दाबणंच. अर्ध्या तासात थांबलं नाही तर इस्पितळ. थांबल्यावर दिवसभर नाक शिंकरू नका आणि आठवडाभर ट्रिमर बाजूला. ट्रिमर न लावताही एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

उन्हाळ्यात खपल्याच धरत असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करा. उकळून गार केलेल्या एका पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ विरघळवून त्यात भिजवलेल्या कापसाने नाकाचं तोंड दोन वेळा ओलं करायचं, वर जेलीचा पातळ हात. खपल्या गेल्यावरच केसांकडे वळायचं.

घरातल्या वयस्कर माणसांचं वेगळं. उतारवयात पुरुषांच्या नाका-कानांतले केस लांब आणि राठ होतात, नजर कमी, हात कापरा. बऱ्याच जणांना हृदयासाठी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन चालू असतं. त्यांना छोटी जखमही बराच वेळ वाहते. त्यांचं काम दुसऱ्याने गोल टोकाच्या कात्रीने, बाहेर दिसतात तेवढेच केस कापून करावं. नानांना खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसवा, डोकं पाठीला टेकवा, ‘नाना, तोंडाने श्वास घ्या आणि शिंक आली तर आधी हात वर करा’ असं सांगून ठेवा. कात्री धरलेल्या हाताची करंगळी त्यांच्या गालावर टेकलेली असू द्या. मान हलली तर हातही सोबत हलतो आणि टोक घुसत नाही.

शिंका थांबत नाहीत

कापलेले तुकडे आतच राहिले की शिंका येतात. एक नाकपुडी बंद करून दुसरी हलकेच शिंकरा, मग तोंडाशी ओली कापसाची काडी फिरवा. कापायच्या आधीच शिंका सुरू असतील तर त्या दिवशी बेत रद्द. सर्दीत, ॲलर्जीच्या मोसमात आणि नाकात फोड असताना ट्रिमर लावायचाच नाही.

रंगपंचमीच्या आसपास

इंदूरच्या राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंगपंचमीची रंग उधळणारी मिरवणूक, पाहायला जायचं म्हणून आदल्या रात्री दाढी, कटिंग आणि सोबत नाकही साफ करून घेणारे पुष्कळ. तिथे गुलाल यंत्रांनी उडवला जातो, हवेतच तो असतो. नाकातले केस त्याच दिवशी सर्वांत जास्त कामाला येतात आणि आदल्या रात्रीचे बारीक ओरखडे त्याच दिवशी सर्वांत जास्त झोंबतात. कापायचेच तर आठवडाभर आधी कापा. गेरीवरून परतल्यावर ओल्या बोटाने नाकाचं तोंड पुसा, शिंकरा, पुन्हा पुसा, शेंबूड रंगीत यायचा थांबेपर्यंत. त्याच रात्री ट्रिमर लावलात तर उरलेला गुलाल पात्यावरच्या तेलात कालवला जातो आणि पुढच्या वेळी मुंडी उघडल्यावर राखाडीऐवजी गुलाबी लगदा खरवडत बसावं लागतं.